अळणी श्रावण

बोरीवली,
२९ जून १९८६

ताई,

मला काम लागलंय. हसू नको. दशरथदादा हसला, म्हणाला, "किती दिवस?" वेसाव्याला माशांवर संशोधन चालतं, तिथे टाक्या धुवायच्या, पाणी बदलायचं, मेलेले मासे वेचायचे. रोजावर आहे. बारावी का सोडली ते कुणी विचारलं नाही. हात किती लांब आहेत ते बघितलं, कारण टाकीचा तळ गाठायला लागतो.

तिथे एक जिताडा आहे. आपल्याकडे खाडीत मिळतो तोच. पण हा बघत बसावा असा. समुद्राच्या पाण्यात ठेवला तरी मजेत आणि गोड्या पाण्यात ठेवला तरी मजेत. बोंबील टाकून बघ गोड्या पाण्यात, संपला. मृणालिनी मॅडम म्हणून एक आहेत, पीएचडी करतात, त्या त्याला रोज थोडं थोडं गोडं पाणी मिसळून सवय लावतात. मी विचारलं, "मॅडम, हा आतून काय करतो?" तर म्हणाल्या, "तेच तर शोधतेय. तू आधी पाइप बंद कर, लादीवर पाणी चाललंय." मी बोलता बोलता विसरलो होतो.

हां, वहिनीचं सांगायचं राहिलं. दादाने खास सांगितलंय की ताईला लिही. शेवंतीवहिनी फार वाळलीय आणि काळवंडलीय. जेवणात सुका बांगडा नसेल तर ताटावरून उठते. परवा मी पाणी प्यायला गेलो तर मिठाच्या बरणीतून खडा काढून चघळत होती. मला बघून बरणी लपवली. शेजारच्या रुक्मिणीकाकू म्हणतात, "अगो, खारदांड्याच्या कोळ्याची पोर ती, मिठावरच वाढलेली. आणि आईबरोबर मासळीच्या वाळवणीवर बसून बसून काळी झाली असेल." आता आईकडे ती शेवटची गेली शिमग्याला. त्यात हा पाऊस, चार दिवस ऊन म्हणून नाही. पण काकूंशी कोण वाद घालणार?

तुझ्याकडचे सुके बांगडे कुणी येत असेल तर पाठव. आमच्याकडचे तिने संपवले.

अनंता

---

आचरा,
१० जुलै १९८६

चिरंजीव अनंता,

सुखी राहा आणि या कामावर निदान दिवाळीपर्यंत टीक.

अरे मेल्या, तुका अक्कल येवची कधी? चार पानं माशावर लिहिलीस आणि जे लिहायचं ते शेवटी. मीठ चघळते, ताटावरून उठते, तोंडावर काळं आलंय. याला काय म्हणतात ते टाकीतल्या माशालासुद्धा कळेल. डोहाळे रे, डोहाळे! जयाच्या वेळी मी चुलीची माती खात होते. माझं तोंड तर तव्यासारखं झालेलं.

सहा वर्षं झाली लग्नाला. आईच्या मनात कोळ्यांची मुलगी नव्हतीच करायची. माझ्याही मनात नव्हती, खोटं का बोलू? पण शेवंतीने आईचं शेवटचं सगळं केलं तेव्हापासून मी तिला नावं ठेवली नाहीत. फक्त घर रिकामं आहे एवढंच डाचतं.

महिना कधी चुकला ते विचार. तू नको विचारू, तू दीर. दशरथाला विचारायला सांग.

राजाराम एष्टीने मुंबईला निघालाय, त्याच्याकडे बांगडे आणि थोडे सोडे दिलेत. तिला पोटभर खाऊ दे. कुणी हसलं तर माझं नाव सांग.

तुझी ताई,
विमल

---

बोरीवली,
२७ जुलै १९८६

ताई,

बांगडे पोचले. बातमी चांगली नाही.

दादाने विचारलं. मार्चपासून नाही, म्हणाली. (हे मी लिहितोय याची मलाच लाज वाटते, पण दादा म्हणतो तूच लिही, तुला लिहायची हौस.) मग नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं, लघवी तपासली. दिवस नाहीत. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणाने पाळी थांबते कधी कधी. लाल रंगाचं टॉनिक दिलं आणि ताकदीची इंजेक्शनं.

घरी आल्यावर वहिनी मोरीत गेली ती बराच वेळ बाहेरच येईना. दादा न जेवता विक्रोळीला ड्यूटीवर गेला. रुक्मिणीकाकूंनी लाडू करायला रवा भाजला होता, तो तसाच डब्यात भरून ठेवला. मला काय करावं ते सुचेना म्हणून मी वहिनीला जिताड्याचं सांगत बसलो.

तेही तुला सांगतो. मॅडमनी अखेर सांगितलं. समुद्रात असला की माशाच्या अंगात मीठ घुसतं, ते त्याला कल्ल्यांतून बाहेर फेकावं लागतं. गोड्या पाण्यात उलट, अंगातलं मीठ निसटून जायला बघतं, ते धरून ठेवावं लागतं. म्हणजे एकच मासा, कल्ले तेच, मूत्रपिंड तेच, आणि काम बरोबर उलटं. मग त्यांना सांगतं कोण की आता फेका, आता धरा? तर अंगात ग्रंथी असतात, त्या रक्तात रस सोडतात. हार्मोन. मला ते चिठ्ठीसारखं वाटलं. पत्ता न घालता रक्तात सोडलेली चिठ्ठी, फिरते सगळीकडे, पण ज्या अवयवाला वाचता येते तोच वाचतो. मी म्हटलं, "म्हणजे शरीर तराजू आहे." मॅडम म्हणाल्या, "तराजू एकदा तोलला की गप्प बसतो. ही सायकल आहे. सतत पडत असतोस आणि सतत सावरत असतोस, म्हणून सरळ दिसतोस."

वहिनी एवढंच म्हणाली, "आणि सावरणाराच गेला तर?" मी म्हटलं, मॅडमना विचारतो. राहून गेलं. मुलुंडला एकजण गणपतीच्या मखरांचं काम काढतोय, तिथे रंगवायला चल म्हणतो. विचार चाललाय.

अनंता

---

आचरा,
२ ऑगस्ट १९८६

सौभाग्यवती शेवंतीस,

अनंताच्या हाती तुझ्यासाठी ही वेगळी चिठ्ठी घालते.

माझी पोरी, रडू नको. मी घाई केली आणि तुला आशेला लावलं. लग्नानंतर चार वर्षं मीही अशीच होते. सासूबाईंनी मला श्रावणभर अळणी धरायला लावलं. मासळी तर श्रावणात आपण खात नाहीच, पण मीठसुद्धा नाही. भाजीत नाही, आमटीत नाही, भाकरीच्या पिठात नाही. जिभेला जे सगळ्यांत आवडतं तेच देवापुढे ठेवायचं. पुढच्या श्रावणात जया पाळण्यात होती.

तुला तर मिठाची एवढी ओढ. मला वाटतं, देवाला तुझ्याकडून हेच हवंय. बघ, बळजबरी नाही. सहा तारखेला श्रावण लागतो. गाऱ्हाणं मी इथे रवळनाथाला घालते.

तुझी नणंद नव्हे, बहीणच समज.
विमल

---

मुलुंड,
१६ ऑगस्ट १९८६

ताई,

पत्ता बदललाय, वर लिहिलाय. टाक्या सोडल्या. जिताड्याचा निरोप घेतला, त्याने बघितलंही नाही. इथे थर्माकोलचे खांब करतोय, सोनेरी रंग झकास बसतो, पण नाकात जातो. मालक मद्रासी आहे आणि मराठीत शिव्या आपल्यापेक्षा चांगल्या देतो.

काल सुट्टी होती म्हणून बोरीवलीला जाऊन आलो. तुझी चिठ्ठी वहिनीने दोनदा वाचली होती, मग घडी करून देवामागे ठेवली. "ताईंना कळवा, धरलंय म्हणावं." स्वतः नाही लिहिलं, हात गळून जातो म्हणाली. तिची आमटी आधी काढते, मग आमच्यात मीठ घालते आणि चव बघायला मला बोलावते. "भावजी, तुम्ही बघा, मला आता चालत नाही." मी दोनदा जास्त म्हटलं, दोनदा कमी. शेवटी दादा ओरडला, "अरे, आमटी आहे का हिशेबाचा पेपर?"

सकाळी तिला उलट्या होतात. उठून उभी राहिली की भिंत धरते. दादा म्हणतो, उपासाचं पित्त असेल.

आता जातो, रंग वाळतोय.

अनंता

---

आचरा,
२१ ऑगस्ट १९८६

अनंता,

सकाळच्या उलट्या! आणि घेरी! अरे, तुझ्या हातून देवाने लिहून घेतलं आणि तुला कळलंही नाही. जुलैत नव्हतं, आता असेल. पंधरा दिवसांत पावला. मी वाचलं आणि जयाला आधी देवळात नारळ घेऊन पाठवली.

आता ऐक, हे पत्र घेऊन स्वतः घरी जा, टपालावर सोडू नको. शेवंतीला सांग, ताकदीची इंजेक्शनं बंद, अशा वेळी बाहेरचं औषध नको. आणि अळणी मोडायचं नाही. अमावास्येपर्यंत थोडेच दिवस उरलेत. आता मोडलं तर देव दिलेलं परत घेईल. प्राण गेला तरी मोडू नको म्हणावं.

दशरथाला सांग, तिला पाण्याची बादली उचलू देऊ नको.

विमलताई

---

हॉस्पिटल, अंधेरी,
३ सप्टेंबर १९८६

ताई,

वहिनी जिवंत आहे. ते आधी सांगतो, मग बाकीचं वाच. एकटी असशील तर भावोजी घरी आल्यावर वाच.

तुझं पत्र मुलुंडला पोचलं पण मी लगेच निघालो नाही. दोन मखरं द्यायची होती. निघालो तेव्हा पेढे घेतले, तुझ्या शब्दावर. दार सरूबाईंनी उघडलं, वहिनीच्या आईने. खारदांड्याहून सहज बघायला म्हणून आल्या होत्या. वहिनी गॅसपाशी पडली होती, तिथून उचलून चटईवर घातलेली. डोळे उघडे, पण बघत कुणाकडे नव्हती. सरूबाईंच्या हातात पेजेची वाटी, मीठ घातलेली. आणि दादा मध्ये उभा. "आई, मोडू नका, ताईंचं पत्र आहे."

सरूबाई म्हणाल्या, "मग ताईचा पत्रच पाज तिला!" आणि त्याला कोपराने बाजूला सारून चमच्याने पेज घालायला लागल्या. दादा भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडायला लागला.

तुझं दुसरं पत्र माझ्या खिशात होतं. प्राण गेला तरी, असं लिहिलेलं. मी ते काढलं नाही. नंतर फाडलं. तू विचारशील म्हणून सांगतो, कुणालाच दाखवलेलं नाही.

पेज पोटात राहिली नाही. रिक्षाने इथे आणली. ब्लडप्रेशर बघताना डॉक्टरीणबाईंनी यंत्र दोनदा बदललं, त्यांना वाटलं बिघडलंय. मग विचारायला लागल्या, काय खाते, कधीपासून वाळली. दादाला काही सांगता येईना, म्हणून मी सगळं सांगितलं, मिठाचे खडे, बांगडे, पाळी, अळणी. "उन्हात काम करते का?" "घरातच असते, आणि पावसाळा चाललाय." त्यांनी वहिनीचे ओठ उघडून हिरड्या बघितल्या. हिरड्यांवर काळे डाग. मग हात उलटा केला. तळहाताच्या रेषा, ताई, कुणी शाईने गिरवाव्यात तशा काळ्या. मी इतके दिवस तिच्या हातचं जेवतोय आणि तिचे हात बघितले नाहीत. मोठे डॉक्टर आले, त्यांनीही हात बघितला. शेजारच्या खाटेवरची बाई विचारते, "भविष्य सांगतायत काय?"

खाऱ्या पाण्याची बाटली शिरेतून लावली, एक इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी उठून बसली आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? "गॅस बंद केला का?" सरूबाई हसायला लागल्या आणि त्यांना ते थांबवता येईना.

आता डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते माझ्या भाषेत. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक टोपीसारखी ग्रंथी असते. तिचा रस मूत्रपिंडाला सांगतो, मीठ बाहेर सोडू नको, धर. वहिनीला लहानपणी टीबी झाला होता, इंजेक्शनं अर्धी घेऊन सोडली होती. तो रोग तेव्हापासून आत दबून होता, त्याने त्या दोन्ही ग्रंथी हळूहळू खाल्ल्या. मग धर म्हणणारं कोण उरलं? मीठ लघवीवाटे चाललं, मिठामागे पाणी, पाण्यामागे रक्ताचा जोर. ग्रंथी संपल्या तेव्हा तिची जीभ कामाला लागली. ते बांगडे, ते खडे. ना ते डोहाळे, ना कोळ्याच्या पोरीची सवय. ती स्वतःला जिवंत ठेवत होती आणि आपण तेच तिच्या ताटातून काढलं. आधी श्रावण म्हणून मासळी, मग नवस म्हणून मीठ.

आणि काळं पडणं. डोक्यात एक ग्रंथी आहे, ती खालच्यांना निरोप धाडते, रस पाठवा. खालून उत्तर नाही. ती आणखी धाडते, आणखी धाडते. त्या निरोपांनीच कातडी काळी होत जाते. म्हणजे ऊन नव्हतंच. आत कुणीतरी हाका मारत होतं, त्या हाका तिच्या अंगावर दिसत होत्या.

मला हे माशापाशी उभं करून सांगितलं होतं. मी ते माशाचं समजलो.

तुला दोष देत नाही असं लिहिणार होतो. देतोय थोडा. दादाला त्याहून जास्त. माझं मी बघतो.

आता तिला रोज गोळी, जन्मभर. एक दिवस चुकवायची नाही, ताप आला तर दुप्पट. टीबीची औषधं वेगळी. आणि मीठ भरपूर. बाईंनी कागदावर लिहून दिलंय.

अनंता

---

आचरा,
१२ सप्टेंबर १९८६

शेवंती,

अनंताला उत्तर लिहायला बसले, जमलं नाही. तुलाच लिहिते.

गणपती आले आणि दीड दिवसाने गेले, मला आठवत नाही. उकड काढताना चिमूटभर मीठ घालायचं असतं, माझा हात बरणीपाशी जाऊन थांबला. त्या दिवसापासून मी मीठ सोडलंय. तू पूर्ण बरी होईपर्यंत शिवणार नाही. तुझ्याकडून जे घेतलं ते माझ्याकडून घे म्हणून रवळनाथाला सांगितलंय. हे रागावतात, जया जेवत नाही माझ्याबरोबर. पण मला दुसरं काही करता येत नाही.

मी तुला कधी मनातून पूर्ण आपली म्हटलं नव्हतं. कोळ्यांची, असंच म्हणायचे पाठीमागे. पण ती चिठ्ठी लिहिली तेव्हा खरंच माया होती गो. मायेनेच मारायला निघाले होते.

तू मला शिव्या दे. उत्तर नाही दिलंस तरी समजेन.

विमल

---

बोरीवली,
२० ऑक्टोबर १९८६

ताईंना नमस्कार.

उशीर झाला. हे पत्र अनंताभावजींकडून लिहून घेणार होते, ते सध्या घरीच आहेत, रोज सकाळी गोळी आणि पाणी घेऊन समोर उभे राहतात, मी गिळली की जीभ दाखवायला सांगतात. पण मग शेवटचं जे सांगायचंय ते सांगता आलं नसतं. म्हणून माझ्याच अक्षरात. चौथीपर्यंतचं आहे, सांभाळून घ्या.

आधी तुमचं. तुम्ही तिथे मीठ सोडलंत ते माझ्या मूत्रपिंडांना कळत नाही. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, एका घरात एकच पेशंट पुरे." तेव्हा हे पत्र वाचून झालं की जयाला आमटी वाढायला सांगा आणि तिच्याबरोबर बसून जेवा. देवाला काय सांगायचं ते तुम्ही बघा. माझं नाव सांगितलंत तरी चालेल.

कोळ्यांची म्हणत होतात ते तुम्ही लिहायच्या आधीपासून मला माहीत होतं. मीही तुम्हाला माझ्या आईपाशी काय काय म्हटलंय ते कधीतरी सांगेन. फिट्टंफाट.

आता खरं सांगते. तुमची चिठ्ठी आली तेव्हा मी नाही म्हणू शकत होते. तुम्ही बळजबरी नाही असं लिहिलं होतं. पण मला माझ्या जिभेची लाज वाटत होती. एवढी मोठी बाई, चोरून मीठ खाते. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. वाटायचं, मुलं नाहीत म्हणून डोकं फिरतंय. चिठ्ठी वाचली आणि वाटलं, बरं झालं, व्रताने ही हाव तरी मरेल. पहिल्या दोन दिवसांत अंग सांगत होतं की हे बरोबर नाही. मी त्याला गप्प बस म्हणत राहिले. म्हणजे तुमच्या एकटीचं नव्हतं ते. तुम्ही, तुमचा भाऊ, काकू, नाक्यावरचे डॉक्टर, सगळ्यांनी माझ्या अंगाचा आपापल्या परीने काही ना काही अर्थ लावला. मीही लावला. कुणी मला विचारलं नाही की शेवंती, मीठ का लागतं? मीसुद्धा नाही.

आता बरी आहे. जिने चढते. रंग थोडा उतरलाय. मला आरशात कळत नाही, आईला कळतो. सुका बांगडा समोर आला तर खाते, नाही आला तर आठवत नाही. मूल होईल का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, होऊ शकतं, आधी तू नीट हो. मी म्हटलं, ठीक.

आता ते शेवटचं. परवा पाळी आली.

ताई, तुम्ही इथे राहत नव्हतात म्हणून सांगते. सहा वर्षं दर महिन्याला हा दिवस आला की आमच्या घरात सुतक असल्यासारखं व्हायचं. मी काही न बोलता तुमच्या भावाला कळायचं. तो चप्पल घालून बाहेर जायचा, नाक्यावर बसून यायचा, मग दोन दिवस आम्ही भाजी, दूध, कपडे एवढंच बोलायचो. परवा पहिल्यांदा मी स्वतः सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या, ही सुरू झाली की समज, आतलं सगळं पुन्हा एकमेकांशी बोलायला लागलंय. तेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. चप्पल घातली आणि गेला. मी म्हटलं, झालं, नेहमीचंच. तांदूळ निवडायला बसले.

तो परत आला जिलबी घेऊन. एवढी की पुडक्याचा कागद फाटत होता. रुक्मिणीकाकू दारातच उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, "काय रे दशरथ, बातमी आहे काय?"

तो म्हणाला, "आहे." आणि त्यांच्या हातावर जिलबी ठेवली.

तुमची,
शेवंती